‘जरा सरा’ म्हणायचीही चोरी

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी बेळगाव तालुक्यात, सुळेभावी-बाळेकुंद्री दरम्यान धावणाऱ्या एका सरकारी बसमध्ये तिकिटावरून वाद झाला. वाद तिकिटावरून भाषेवर गेला आणि वाहकाला मारहाण झाली. त्याच रात्री चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राची एसटी अडवून चालकाच्या तोंडाला काळे फासण्यात आले. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी कर्नाटकात जाणारी एसटी सेवा थांबवली. बसमधल्या अल्पवयीन मुलीच्या तक्रारीवरून वाहकावर पॉक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला आणि काही दिवसांतच तिच्या कुटुंबाने तक्रार पुढे न नेण्याची भूमिका जाहीर केली. २२ मार्चला कन्नड संघटनांनी ‘कर्नाटक बंद’ पुकारला. एका तिकिटाने महिनाभर दोन राज्ये पेटती ठेवली.

त्यानंतर पुष्कळ लिहिले गेले. महाजन आयोगापासून सर्वोच्च न्यायालयातील दाव्यापर्यंतचा इतिहास पुन्हा एकदा उगाळून झाला. मात्र सीमाभागातील या बसमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ माणसे कशी बसतात, कशी उभी राहतात, कोणाच्या खांद्यावर कोणाचा हात आणि कोणाच्या पायावर कोणाचा पाय असतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. भाषेचा प्रश्न खोटा नाही. पण तो पेट घेतो ती जागा कोणती, हेही पाहायला हवे. बसच्या मधल्या वाटेत, दोन्ही हात वर दांड्याला अडकलेले आणि समोर अनोळखी माणसाचा चेहरा वीतभर अंतरावर असताना, कोणताही शब्द मूळ वजनापेक्षा जड होऊन कानावर पडतो.

गोव्याच्या वाचकाला हा भाग परका नाही. बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीच्या सीमेवरील चौकाला आजही ‘गोवावेस’ म्हणतात. उपचारासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी, नात्यागोत्यासाठी चोर्ला घाट चढणाऱ्या गोमंतकीयांची पावले याच भागात वळतात. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, तर शेजारचे बेळगाव ब्रिटिशांच्या ताब्यात. विणकरांच्या मागांची आणि सोनारांच्या पेढ्यांची ही जुनी पेठ. आज येळ्ळूर, वडगावकडून येणाऱ्या बस शहापुरातून पुढे जातात, आणि सकाळी महाविद्यालयांच्या वेळेला त्यांत पाय ठेवायला जागा नसते. विद्यार्थी, बाजारात भाजी घेऊन निघालेल्या बायका, कामावर जाणारे मजूर, दवाखान्यात निघालेले म्हातारे, सारे एकाच दारातून आत शिरू पाहतात.

अशा गर्दीत बसण्याचे काही नियम असतातच. ते लिहिलेले नसतात, पण सर्वांना ठाऊक असतात. खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली झाली, हा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत वादग्रस्त नियम. रुमाल नसेल तर दप्तर, टोपी, भाजीची पिशवी, आणि क्वचित घरातले शेंडेफळही खिडकीतून आत सरकवले जाते. दारातून धक्के खात आलेला पण रुमाल न टाकलेला प्रवासी आणि बाहेर निवांत उभा असलेला रुमालाचा धनी, यांच्यात हक्क कोणाचा, याचा निर्णय आजवर कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही. दुसरा नियम तीन जणांच्या बाकाचा. मूल मांडीवर असेल तर चौथा माणूस टेकू शकतो. मुंबईच्या लोकलमध्ये याचीच ‘चौथी सीट’ झाली आहे. ती धड बसणेही नसते आणि उभे राहणेही नसते.

हे सारे नियम चालतात ते दोन शब्दांच्या बळावर. मराठीत आपण म्हणतो, ‘जरा सरा’. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये म्हणतात, ‘स्वल्प सरीरी’. आणि कोकणीत, ‘मात्शें सर’. तिन्हींमध्ये क्रियापद जवळजवळ एकच ऐकू येते. भाषाशास्त्रज्ञ त्यांची मुळे वेगवेगळी दाखवतीलही, पण बसमध्ये उभ्या असलेल्या माणसाला मुळांशी कर्तव्य नसते. ‘सर’ एवढे ऐकू आले की बसलेला माणूस आपसूक दोन बोटे सरकतो. शिवाय या शब्दांच्या मागेपुढे नाते येते. काकू, मावशी, मामा, अण्णा, अक्का. त्यातले अण्णा आणि अक्का तर मराठी आणि कन्नड या दोन्ही घरांतले. अनोळखी बाईला ‘अक्का’ म्हणून तिच्याकडे जागा मागणे म्हणजे भीक नव्हे आणि हक्कही नव्हे, ती घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला केलेली सूचना असते.

याचे महत्त्व ज्यांच्याकडे अशी नाती नाहीत त्यांच्याकडे पाहिले म्हणजे कळते. १९७० च्या दशकाच्या आरंभी स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकी समाजमानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवले. काम सोपे होते. बसलेल्या माणसाकडे कोणतेही कारण न सांगता जागा मागायची. तिथल्या ६८ टक्के प्रवाशांनी उठून वा सरकून जागा दिली. खरा शोध मात्र दुसराच होता. विद्यार्थ्यांना ती मागणे जड गेले. मिलग्रॅम स्वतः मागायला गेले, तेव्हा शब्द त्यांच्या घशात अडकले. जागा देणारा अडत नाही, मागणारा अडतो. आपल्याकडे हा घशातला अडसर ‘काकू’ आणि ‘मामा’ यांनी पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवला आहे.

बेळगावच्या बसमध्ये आता तोच अडसर उभा राहू लागला आहे, आणि माझ्या मते फेब्रुवारीतील घटनेचे सर्वांत खोल नुकसान ते आहे. समोरचा कोणत्या भाषेचा, हे चाचपल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, अशी सवय लागली की ‘जरा सरा’ म्हणण्याचीही चोरी होते. शब्द बोलायचा नसेल तर उरतो तो कोपर. मोर्चे येतात आणि जातात. पण कोपराने बोलणारे प्रवासी तसेच राहतात, आणि त्यांच्यामधून तिकिटे फाडत जाणाऱ्या वाहकाला दिवसभर दोन्ही बाजूंचे कोपर खावे लागतात. भरलेल्या बसच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणे, प्रत्येकीचे ओळखपत्र पाहणे, सुट्या पैशांचे वाद मिटवणे आणि राखीव आसनावरून पुरुषाला उठवणे, ही सारी कामे एकाच माणसाकडे आहेत.

ओळखपत्राचा उल्लेख आला, कारण ‘शक्ती’ योजना. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या सरकारने ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील रहिवासी महिलांना राज्यांतर्गत साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास दिला. जुलै २०२५ मध्ये या योजनेखालील ५०० कोटीव्या मोफत तिकिटाचा सोहळा झाला. या आकड्याकडे केवळ खर्च म्हणून पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. आठवड्यातून एकदा माहेरी जाणारी, सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारी, मागावरच्या मजुरीपेक्षा चार पैसे जास्त मिळतात म्हणून शहरात कामाला जाणारी बाई पूर्वी भाड्याचा हिशेब करून घरी बसत होती. ती आता निघते. सार्वजनिक जागेत तिचे असणे वाढले आहे, आणि ही लहान गोष्ट नाही.

परंतु माणसे वाढली त्या प्रमाणात आसने वाढली नाहीत, हे गर्दीच्या वेळी कोणत्याही थांब्यावर उभे राहिले की दिसते. सरकारला याची कल्पना पहिल्या दिवसापासून होती. म्हणूनच योजनेच्या आदेशात बेंगळूरची शहर बससेवा वगळता इतर महामंडळांच्या बसमध्ये निम्मी आसने पुरुषांसाठी राखीव ठेवण्याची तरतूद करण्यात आली. बसमध्ये पुरुषांसाठी राखीव जागा ही कल्पना दहा वर्षांपूर्वी कोणी मांडली असती तर विनोद म्हणून खपली असती. त्यात ५ जानेवारी २०२५ पासून कर्नाटकात बसभाडे १५ टक्क्यांनी वाढले. वाढीव भाडे देऊन उभा असलेला पुरुष आणि शून्य रकमेचे तिकीट घेऊन बसलेली बाई, असे चित्र रोज डोळ्यांसमोर आले की ‘फुकट्या’ हा शब्द जिभेवर येतो. तो शब्द बाईला लागतो. ज्यांनी फेऱ्या न वाढवता योजना वाढवली, त्यांच्या कानापर्यंत तो पोहोचतच नाही. सीमेपलीकडे महाराष्ट्रातही १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना त्याआधीपासून मोफत प्रवास आहे. सवलत जाहीर करायला एक आदेश पुरतो. बस विकत घ्यायला, चालक-वाहक नेमायला वर्षे जातात. या दोन वेगांमधला फरक प्रवाशांच्या बरगड्यांना सोसावा लागतो.

सीमेवर याला आणखी एक पीळ आहे. खानापूरची आई आणि लग्न होऊन डिचोलीला गेलेली तिची लेक बेळगावहून खानापूरला एकाच बाकावर बसून निघाल्या, तर आईला शून्य तिकीट आणि लेकीला पूर्ण भाडे, कारण लेकीच्या आधार कार्डावर आता गोव्याचा पत्ता आहे. नियम म्हणून त्यात चूक काढता येणार नाही. पण वाहकाने हे दोघींना कोणत्या भाषेत आणि कोणत्या सुरात समजावायचे, याचे उत्तर नियमात नाही.

आता अंतराविषयी. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसाच्या भोवतालच्या अवकाशाची मापे मांडली. सुमारे दीड फुटाच्या आतले वर्तुळ अगदी निकटच्या माणसांसाठी, तिथून चार फुटांपर्यंतचे परिचितांसाठी. त्यांच्या हिशेबाने आपल्या तीन जणांच्या बाकावर बसलेला प्रत्येक अनोळखी माणूस त्या पहिल्या वर्तुळातच असतो. गर्दीच्या गाडीत लोक यावर काय उपाय करतात, तेही हॉल यांनी टिपले आहे. शक्य तितके निश्चल राहायचे, स्पर्श झाला तर मागे घ्यायचे, ते जमले नाही तर स्नायू आवळून ठेवायचे आणि नजर कुठेतरी दूर लावायची. मराठीत या साऱ्याला एकच शब्दप्रयोग आहे, अंग चोरणे. प्रश्न एवढाच की आपल्या बसमध्ये अंग कोणी चोरायचे? बाकाच्या कडेला टेकून, ओढणी गुंडाळून, दप्तर छातीशी धरून बसलेली असते ती मुलगी. आणि शेजारी दोन्ही गुडघे दोन दिशांना सोडून ऐसपैस बसलेल्या गृहस्थांना आपण काही गैर करतो आहोत असे वाटतही नाही. न्यूयॉर्कच्या परिवहन प्राधिकरणाने २०१४-१५ च्या सुमारास अशा पाय पसरणाऱ्या पुरुषांसाठी फलकांची मोहीम काढली होती. आपल्याकडे ‘ओसरी दिली की पाय पसरणार’ हे ज्ञान म्हणींच्या रूपाने कधीपासून आहे, फलक तेवढा नाही.

गर्दीतला धक्का आणि गर्दीच्या आडचा स्पर्श यांत फरक असतो, आणि तो प्रत्येक मुलीला वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून कळतो. कायद्यालाही तो कळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विनयभंग आणि लैंगिक छळ यांची स्वतंत्र कलमे आहेत, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पॉक्सो आहे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या बसमधील अत्याचारानंतर नव्या सार्वजनिक वाहनांत संकटसूचक बटण सक्तीचे झाले. पण सकाळच्या बसमध्ये छातीवर कोपर टेकवणाऱ्या माणसासाठी कोणती मुलगी लाल बटण दाबेल? तामिळनाडूने २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून टक लावून पाहणे, शीळ घालणे, अश्लील शेरे मारणे यांसारख्या वर्तनासाठी प्रवाशाला खाली उतरवण्याचे अधिकार आणि जबाबदारी वाहकावर टाकली. हेतू योग्य आहे. पण वाहकाला आधीच चारही बाजूंनी धक्के बसत असताना हा अधिकार तो कसा वापरणार? आणि बेळगावच्या परिस्थितीत तर एका भाषेच्या वाहकाने दुसऱ्या भाषेच्या प्रवाशाला बसमधून उतरवले, की मूळ तक्रार मुलीची होती हे संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात राहील, याची मला शंका आहे. मुलगी मराठी की कन्नड, उतरवलेला कोण, वाहक कोण, एवढेच उरेल. मग अनेक घरांत जे होते ते होते. मुलगी काही सांगत नाही, फक्त बसने जायचे नाही म्हणते. घरात दुचाकी असेल तर ठीक, नसेल तर बारावीनंतरचे शिक्षण तिथेच थांबते. अशा थांबलेल्या शिक्षणाचे कारण कोणत्याही नोंदवहीत ‘बसमधील गर्दी’ असे लिहिले जात नाही.

अनोळखी माणसाच्या शेजारी बसता येणे ही आपल्या समाजात फार जुनी गोष्ट नाही, याचेही भान असावे. १९०१ मध्ये लहानगे भीमराव आंबेडकर भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले आणि सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर उतरले. मुलांची जात कळल्यावर त्यांना गाडीत घ्यायला कोणी गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण बरोबरीने पायी चालावे, या अटीवर. दुप्पट पैसे घेऊन स्वतःच्याच गाडीशेजारून चालणारा तो माणूस शेजाराला किती भीत होता, याची कल्पना करावी. त्यानंतर आगगाडी आणि एसटी यांनी जे केले ते कोणत्याही परिषदेच्या ठरावापेक्षा मोठे होते. तिकीट काढले की शेजारी कोण, हे विचारण्याची सोयच राहिली नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, त्या बाकावर माणसे मांडीला मांडी लावून बसली. भाषेच्या संशयाने त्या बाकावर पुन्हा अदृश्य रेघ ओढली जात असेल, तर ती केवळ प्रवासाची गैरसोय म्हणून सोडून देता येणार नाही.

यावर सरसकट दिले जाणारे उत्तर असे, की लोकांना शिस्त नाही. गोव्यात राहणाऱ्याने तरी हे उत्तर स्वीकारू नये, कारण आपल्याकडे रोज त्याच्या विरुद्धचा पुरावा समोर असतो. पणजीच्या कदंब बसस्थानकावर मडगावच्या विनाथांबा शटलसाठी प्रवासी खिडकीवर तिकीट काढतो, रांगेत उभा राहतो, जागा भरल्या की बस निघते आणि उरलेले पुढच्या बसची वाट पाहतात. रुमाल नाही, कोपर नाही, भांडण नाही. तोच प्रवासी मडगावला उतरून खासगी बस पकडतो, तेव्हा दारात लोंबकळणारा वाहक ‘फाटीं वच, फाटीं वच’ म्हणत पाठीला हात लावतो आणि तो प्रवासीही पुढच्याला ढकलू लागतो. तासाभरात त्याचे संस्कार बदलले, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती व्यवस्था. पहिल्या बसमध्ये आसने मोजलेली आहेत आणि पुढची बस येणार याची खात्री आहे. दुसरीत प्रत्येक जादा प्रवासी हा मालकाच्या गल्ल्यातला जादा पैसा आहे. कदंबचा जन्मच मुळी अशा असंतोषातून झाला. १९७८-७९ मध्ये गोव्याच्या विद्यार्थ्यांनी खासगी बसमध्ये निम्म्या भाड्याच्या सवलतीसाठी आंदोलन केले आणि १९८० मध्ये कदंब परिवहन महामंडळ उभे राहिले. सवलतीच्या विद्यार्थ्याला खासगी वाहक कसे वागवतो, हे त्या पिढीला तोंडपाठ होते.

बेळगावात सर्व सरकारीच आहे, तरी परिस्थिती दुसऱ्या बससारखी आहे, कारण पुढच्या बसची खात्री नाही. खानापूर वा बेळगाव तालुक्यातील एखाद्या गावात विद्यार्थ्यांनी बस अडवली, ही बातमी आमच्या टेबलावर वर्षातून अनेकदा येते. आम्ही ती दोन परिच्छेदांत लावतो, छायाचित्र असेल तर तीन. मागणी दर वेळी तीच असते. सकाळी महाविद्यालयाच्या वेळेला एक जादा फेरी. या मागणीत मराठी-कन्नड असा भेद नाही. रस्त्यावर बसलेल्या मुलांमध्ये दोन्ही असतात. विचित्र हे, की भाषेच्या नावावर बस बंद पाडता येते, फेऱ्यांसाठी मात्र दोन्ही भाषांची माणसे एका व्यासपीठावर येऊन हुबळीच्या मुख्यालयात, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाच्या दारात गेल्याचे ऐकिवात नाही. तिथे एक संयुक्त निवेदन गेले, तर त्याला उत्तर देणे महामंडळाला मोर्चाला उत्तर देण्यापेक्षा अवघड जाईल.

राखीव आसनांवरच्या पाट्यांचेही असेच. त्या कन्नडमध्ये असतात. भाषिक अल्पसंख्याकांबाबतच्या १९५६ च्या केंद्रीय निवेदनानुसार, ज्या भागात अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ ते २० टक्के वा अधिक आहे तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हायला हव्यात, आणि बेळगावचे मराठी भाषक वर्षानुवर्षे त्याचा दाखला देत आले आहेत. तो हक्क सोडावा असे मी म्हणणार नाही. पण वडगावच्या बसमध्ये चढलेल्या सत्तर वर्षांच्या म्हातारीला आज सकाळी बसायचे आहे. काठी घेतलेला म्हातारा, कडेवर मूल घेतलेली बाई, कुबडीवरचा माणूस, अशी चित्रे आसनाच्या वर रंगवली तर ती वाचायला कोणतीच लिपी लागत नाही. त्याला विधिमंडळाची मंजुरी नको, न्यायालयाचा निकाल नको. आगारातला रंगारी आणि दोन डबे रंग एवढेच लागेल.